बाहुलीनाट्याची नवी चौकट : जिम हेन्सन

बाहुलीचा खेळ म्हटला की त्याच्याबरोबर चौकट आलीच. राजस्थानातील कठपुतलीवाले दोन खाटा उभ्या करून त्यांच्यामध्ये पडदा ताणतात. कोकणात पिंगुळीचे ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या नाचविताना कापडी आडोशामागे उभे राहतात. इंग्लंडमधील 'पंच आणि ज्यूडी'च्या खेळाला एका माणसाला आत उभे राहता येईल असे उंच, अरुंद खोके लागते. या चौकटीचे काम दुहेरी असते. ती सूत्रधाराला लपविते आणि प्रेक्षकाने कोठे पाहावे हेही त्याला सांगते. शतकानुशतके हा संकेत इतका स्थिर होता की त्यात बदल करण्याचे कोणाला फारसे कारण पडले नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत दूरचित्रवाणीचा प्रसार झाला, तेव्हा बाहुल्याही तिच्यावर आल्या. पण आपली चौकट घेऊनच. शिकागो येथे १९४७ मध्ये सुरू झालेला बर टिलस्ट्रॉम याचा कार्यक्रम अतिशय लोकप्रिय होता. त्यात फ्रॅन अ‍ॅलिसन ही अभिनेत्री एका छोट्या रंगमंचाशेजारी उभी राही आणि त्या रंगमंचावरील बाहुल्या तिच्याशी संवाद करीत. म्हणजे दूरचित्रवाणीच्या चौकटीत आणखी एक चौकट ठेवलेली असे. जिम हेन्सन (१९३६–१९९०) या अमेरिकन बाहुलीकाराचे काम येथून सुरू होते. दूरचित्रवाणीचा पडदा हाच रंगमंच आहे, तेव्हा दुसऱ्या रंगमंचाची गरज नाही, हे त्याने वयाच्या विशीतच ओळखले. पुढील पस्तीस वर्षांतील त्याची बहुतेक निर्मिती या साध्या वाटणाऱ्या निरीक्षणातून उगवली आहे. त्याच्या मनात आणखीही एक आकांक्षा होती. बाहुली ही केवळ मुलांच्या करमणुकीची वस्तू नव्हे, हे त्याला आपल्या समाजाकडून मान्य करवून घ्यावयाचे होते. पहिल्या कामात त्याला जवळजवळ संपूर्ण यश लाभले. दुसऱ्या कामात ते अर्धवट राहिले आणि याला काही अंशी पहिले यशच कारणीभूत झाले.

हेन्सनचा जन्म २४ सप्टेंबर १९३६ रोजी मिसिसिपी राज्यातील ग्रीनव्हिल येथे झाला. वडील केंद्रीय कृषी खात्यात शास्त्रज्ञ होते. त्यांच्या नोकरीमुळे पुढे हे कुटुंब वॉशिंग्टनलगतच्या मेरिलँडमध्ये स्थायिक झाले. मुलाला बाहुल्यांचे वेड नव्हते, वेड होते ते दूरचित्रवाणीचे. घरात संच यावा म्हणून त्याने आईवडिलांचा पिच्छा पुरविला होता. १९५४ मध्ये, शालेय शिक्षण संपत असता, स्थानिक केंद्राला बाहुल्या चालविणारी तरुण मुले हवी आहेत असे कळताच त्याने ग्रंथालयातून पुस्तके आणून बाहुल्या करण्याची विद्या शिकून घेतली. बाहुली हे त्याच्या दृष्टीने दूरचित्रवाणी-केंद्राच्या दारातून आत शिरण्याचे साधन होते. परंपरेचा वारसा नसणे ही एरवी उणीव. येथे मात्र तिचा उपयोग झाला. घराण्यात शिकलेल्या कलावंताला जी चौकट अपरिहार्य वाटली असती, तिच्याविषयी या मुलाला कसलीच आसक्ती नव्हती.

मेरिलँड विद्यापीठात शिकत असतानाच, १९५५ मध्ये, त्याला वॉशिंग्टनच्या केंद्रावर 'सॅम अँड फ्रेंड्स' हा पाच मिनिटांचा कार्यक्रम मिळाला. विद्यापीठाच्या बाहुलीकलेच्या वर्गात भेटलेली जेन नेबेल ही त्याची सहकारी होती. १९५९ मध्ये तिच्याशीच त्याचा विवाह झाला. हा कार्यक्रम १९६१ पर्यंत चालला. त्याचे एक प्रक्षेपण रात्री उशिरा होई, आणि त्या वेळी जागा असणारा प्रेक्षक प्रौढच असे. आरंभी बाहुल्या लोकप्रिय ध्वनिमुद्रिकांवर नुसते ओठ हलवीत, पुढे त्या स्वतःच्या आवाजात बोलू लागल्या. विक्षिप्त विनोद, गाण्यांची थट्टा, शेवटी एखादा स्फोट किंवा एका पात्राने दुसऱ्याला गिळून टाकणे असा त्याचा थाट असे.

याच कार्यक्रमासाठी हेन्सनने आईच्या जुन्या कोटाचे हिरवट कापड आणि टेबलटेनिसच्या चेंडूचे दोन अर्ध यांपासून केर्मिट ही बाहुली तयार केली. ती त्या वेळी बेडूकही नव्हती, केवळ सरड्यासारखा कोणीतरी प्राणी होता. बेडूकपण तिला साठीच्या दशकाच्या अखेरीस मिळाले. केर्मिट हा त्याच्या विचाराचा उत्तम नमुना होय. जुन्या लाकडी बाहुल्यांचा चेहरा कोरलेला, म्हणून स्थिर असे. रंगमंचापासून वीस हात दूर बसलेल्या प्रेक्षकाला तो पुरेसाही होता. पण कॅमेरा बाहुलीच्या नाकापर्यंत जातो, आणि तेथे स्थिर चेहरा मृत वाटू लागतो. केर्मिटच्या मऊ कापडी तोंडाआड थेट हाताची बोटेच असल्यामुळे मूठ किंचित आवळली की त्याचा चेहरा आक्रसतो, बोटे पुढे रेटली की तो आश्चर्यचकित होतो. पुढे इतर पात्रांसाठी हेन्सनच्या मंडळींनी हलक्या स्पंजासारख्या फोमचा आणि त्यावर शिवण दिसू न देणाऱ्या लवदार कापडाचा उपयोग केला. तत्त्व मात्र तेच राहिले.

या पद्धतीत बाहुलीकाराला काय करावे लागते, हे थोड्या तपशिलाने पाहणे योग्य होईल, कारण पडद्यावर जे सहज दिसते ते शरीराला अत्यंत जाचक असते. बाहुलीकार कॅमेऱ्याच्या चौकटीच्या खाली राहतो आणि हात डोक्यावर उंच धरतो. उजवा पंजा बाहुलीच्या डोक्यात असतो, डाव्या हाताने तिच्या हातांना जोडलेल्या बारीक काड्या चालवाव्या लागतात. बाहुलीला माणसासारखे बोटांचे हात हवे असतील, तर दोन माणसे लागतात. एक डोके व डावा हात सांभाळतो, दुसरा त्याला बिलगून उभा राहून केवळ उजवा हात पुरवितो. आपली बाहुली कशी दिसते हे वर मान करून पाहता येत नाही, म्हणून समोर एक छोटा मॉनिटर ठेवलेला असतो. प्रेक्षकाला जे चित्र दिसणार, नेमके तेच चित्र बाहुलीकाराला त्याच क्षणी दिसते. जुन्या सूत्रधाराला ही सोय कधीच नव्हती. आपला खेळ कसा दिसतो हे त्याला अनुमानानेच जाणावे लागे. पण हे चित्र आरशातल्यासारखे उलटे नसते. बाहुलीकाराने हात स्वतःच्या उजवीकडे नेला की पडद्यावरची बाहुली डावीकडे सरकते. नवशिक्यांची पहिली काही आठवड्यांची फजिती यातूनच होते. बोलण्याचेही शास्त्र आहे. माणूस बोलताना त्याचा खालचा जबडा हलतो, डोके वर उडत नाही. म्हणून चार बोटे स्थिर ठेवून अंगठा खाली न्यावा लागतो. अननुभवी हात बोटे वर उचलतो, आणि बाहुली आढ्याशी बोलू लागते.

डोळ्यांचा प्रश्न याहून नाजूक होता. १९६० नंतर हेन्सनकडे आलेला डॉन सालीन हा कारागीर डोळे, नाक व तोंड यांच्या परस्पर अंतरावर फार विचार करी. बुबुळे किंचित आतल्या बाजूला वळविली की बाहुली समोरच्या वस्तूकडे खरोखर पाहते आहे असा भास होतो. ती सरळ ठेवली तर नजर शून्यात जाते. डोळे बसविण्याचे काम सालीन सर्वांत शेवटी करी आणि त्या वेळी हेन्सनने जवळ असावे असा त्याचा आग्रह असे.

या सर्व उद्योगाला पैसा पुरविला तो जाहिरातींनी. १९५७ पासून हेन्सनने विल्किन्स कॉफीसाठी जेमतेम आठ-दहा सेकंदांच्या जाहिराती केल्या, आणि त्यांची संख्या दीडशेच्या वर गेली. प्रत्येकीत एक बाहुली कॉफी आवडते म्हणते, दुसरी नाही म्हणते, आणि नाही म्हणणारी ताबडतोब तोफेने उडविली जाते किंवा तिच्यावर काहीतरी कोसळते. अभिरुचीच्या दृष्टीने त्या थोर म्हणता येणार नाहीत; परंतु आठ सेकंदांत पात्र उभे करावयाचे, संघर्ष दाखवावयाचा आणि हशा मिळवावयाचा, ही तालीम त्याला पुढे जन्मभर पुरली.

१९५८ मध्ये तो युरोपच्या प्रवासास गेला. बाहुल्या सोडून चित्रकार व्हावे, असे त्या वेळी त्याच्या मनात घोळत होते. युरोपात त्याला बाहुलीकडे कला म्हणून पाहणारे कलावंत आणि प्रौढ प्रेक्षक भेटले, आणि तो निश्चय करूनच परतला. त्याच वर्षी 'मपेट्स' या नावाची त्याची संस्था स्थापन झाली. यानंतर सहकारी जमत गेले. लेखक जेरी जूल १९६१ मध्ये आला आणि १९६३ मध्ये, संस्था न्यूयॉर्कला हलली त्या सुमारास, जेमतेम एकोणीस वर्षांचा फ्रँक ऑझ येऊन मिळाला. हेन्सन शांत, सौम्य, काहीसा अबोल. ऑझ काटेकोर आणि चिकित्सक. या दोघांच्या स्वभावांतील अंतर त्यांच्या बाहुल्यांत उतरले. अर्नी आणि बर्ट, केर्मिट आणि मिस पिगी या जोड्यांची लोकप्रियता शिवणकामाने आलेली नाही. दोन नटांनी वर्षानुवर्षे एकमेकांना ओळखण्यातून ती आली.

१९६५ मध्ये हेन्सनने 'टाइम पीस' हा सुमारे नऊ मिनिटांचा प्रायोगिक लघुपट काढला. त्यात बाहुली नाही, घड्याळाच्या ठोक्यांनी हाकलला जाणारा एक माणूस आहे. त्याला ऑस्करचे नामांकन लाभले. आपण कोणत्या दिशेने जाऊ इच्छितो, हे हेन्सनने यातून सुचविले होते. घडले ते वेगळे.

निर्माती जोन गँझ कूनी आणि तिचे सहकारी गरीब वस्त्यांतील शाळापूर्व वयाच्या मुलांसाठी एक शैक्षणिक मालिका आखीत होते. हेन्सनला बोलावणे आले तेव्हा तो प्रथम कचरला. एकदा मुलांचा कलावंत म्हणून शिक्का बसला की तो पुसत नाही, ही त्याची भीती होती. तरीही तो सहभागी झाला आणि १० नोव्हेंबर १९६९ रोजी 'सेसमी स्ट्रीट'चे प्रक्षेपण सुरू झाले. या मालिकेच्या सिद्धतेतील एक प्रसंग बाहुलीकलेच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. काल्पनिक आणि वास्तव यांची सरमिसळ झाल्यास मुले गोंधळतील, असा सल्ला मानसशास्त्रज्ञांनी दिला होता. म्हणून रस्त्यावरील दृश्यांत केवळ माणसे आणि बाहुल्या स्वतंत्र भागांत, अशी रचना झाली. नमुन्याचे भाग मुलांना दाखविले तेव्हा रस्ता दिसू लागला की मुलांचे लक्ष उडे, बाहुल्या आल्या की परत येई. अखेर सल्ला बाजूला ठेवून बाहुल्यांना रस्त्यावर आणण्यात आले, आणि आठ फुटांचा पिवळा पक्षी बिग बर्ड व कचऱ्याच्या डब्यात राहणारा चिडखोर ऑस्कर यांचा जन्म झाला. ही दोन्ही पात्रे कॅरल स्पिनी हा बाहुलीकार करी. चौकट मोडल्याचा खरा अर्थ येथे प्रकट झाला. बाहुली माणसाच्या शेजारी, त्याच उजेडात उभी राहिली, आणि चार वर्षांच्या मुलाला त्यात काही अडचण वाटली नाही.

या सहवासाला किती भार पेलता येतो, हे पुढे दिसले. मालिकेतील दुकानदार हूपर यांची भूमिका करणारे विल ली डिसेंबर १९८२ मध्ये वारले. पात्र गुपचूप नाहीसे करण्याऐवजी, नोव्हेंबर १९८३ मध्ये प्रक्षेपित झालेल्या भागात बिग बर्ड हूपरचे चित्र काढून त्यांना द्यावयास येतो, आणि ते परत येणार नाहीत हे मोठी माणसे त्याला समजावून सांगतात. मृत्यूचा प्रश्न विचारण्याचे काम येथे बाहुलीकडे दिले होते, कारण तो मुलाचा प्रश्न होता.

'सेसमी स्ट्रीट'ने कीर्ती दिली आणि भीतीही खरी ठरविली. प्रौढांसाठी रात्रीच्या मुख्य वेळेत कार्यक्रम करण्याची हेन्सनची योजना अमेरिकेतील मोठ्या प्रक्षेपण कंपन्या नाकारीत राहिल्या. १९७५ मधील एका नमुना-कार्यक्रमाच्या शीर्षकात त्याने मुद्दाम 'लैंगिकता आणि हिंसा' असे शब्द घातले. तरीही उपयोग झाला नाही. शेवटी संधी दिली ती लंडनच्या ल्यू ग्रेड या निर्मात्याने. १९७६ ते १९८१ या काळात इंग्लंडमधील एल्स्ट्री येथे 'द मपेट शो'चे १२० भाग तयार झाले आणि ते शंभराहून अधिक देशांत पाहिले गेले. येथे गंमत अशी की, ज्याने बाहुलीचा रंगमंच काढून टाकला, त्याने आता एका जुनाट नाट्यगृहाचीच कथा निवडली. परंतु या नाट्यगृहात रंगमंचावर बाहुल्या, पडद्यामागे बाहुल्या आणि प्रेक्षागृहातही बाहुल्या होत्या. केर्मिट हा त्यांचा हैराण व्यवस्थापक. सारे नेपथ्य जमिनीपासून उंचावर उभारलेले असे, त्यामुळे बाहुलीकारांना खाली उभ्याने वावरता येई. आरंभी पाहुणे कलावंत मिळणे कठीण जाई. रूडॉल्फ नुरेयेव्हसारखा श्रेष्ठ नर्तक एका महाकाय डुकरिणीबरोबर बॅले नाचून गेल्यावर ती अडचण उरली नाही.

१९७९ चा 'द मपेट मूव्ही' हा चित्रपट म्हणजे चौकटीबाहेर पडण्याचे पुढले पाऊल. स्टुडिओत नेपथ्य उंचावता येते. मोकळ्या जगात जमीन कशी उचलणार? पहिल्याच दृश्यात केर्मिट दलदलीत ओंडक्यावर बसून बँजो वाजवीत गातो. चहूकडे पाणी आहे, माणसाला लपण्यास जागा नाही. हेन्सन त्या वेळी पाण्याखाली बुडविलेल्या एका धातूच्या पिंपात अंग दुमडून बसला होता. त्याचा हात रबरी बाहीतून वर ओंडक्यात गेला होता, सोबतीला एक लहानसा मॉनिटर आणि हवेची नळी होती. अशा अवस्थेत त्याने तासन्‌तास काढले. प्रेक्षकाने यातील काहीही ओळखू नये, हीच त्याची अपेक्षा होती. पुढे १९८१ च्या चित्रपटात बाहुल्यांनी लंडनच्या बागेत सायकली चालविल्या, तेव्हा मात्र वरून सोडलेल्या दोऱ्यांचा, म्हणजे जुन्या कळसूत्री विद्येचाच आधार घ्यावा लागला.

यानंतर हेन्सनने मागे टाकलेली आकांक्षा पुन्हा हाती घेतली. चित्रकार ब्रायन फ्राउड याच्या रेखाटनांवर आधारलेला 'द डार्क क्रिस्टल' हा चित्रपट त्याने ऑझसह दिग्दर्शित केला. तो डिसेंबर १९८२ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात एकही मानवी चेहरा नाही. वनस्पती, प्राणी, भांडीकुंडी यांसह एक संपूर्ण जग कार्यशाळेत निर्माण केले होते. एकेका पात्रामागे अनेक माणसे राबत. कोणी हाताने डोके पेली, कोणी तारांनी पापण्या आणि ओठ हलवी. खल पात्रांना प्रथम एक कल्पित भाषाच दिली होती. पहिल्या खेळांना आलेले प्रेक्षक गोंधळले, म्हणून संवाद इंग्रजीत करावे लागले. आश्रयदात्या कंपनीची मालकी बदलून नवे मालक उदासीन झाले, तेव्हा हेन्सनने स्वतःचा पैसा घालून चित्रपट विकत घेतला. त्याचा खर्च भरून निघाला, पण हेन्सनच्या नावाशी जो प्रसन्न गोंधळ जोडला गेला होता तो शोधीत आलेल्या कुटुंबांना हे काळोखे जग परके वाटले. १९८६ च्या 'लॅबिरिंथ'ची गत याहून वाईट झाली. जॉर्ज लुकास निर्मितीत, डेव्हिड बोवी प्रमुख भूमिकेत, सुमारे अडीच कोटी डॉलर खर्च, आणि अमेरिकेतील उत्पन्न त्याच्या जेमतेम निम्मे. या अपयशाने वडील फार खचले होते, असे त्याचा मुलगा ब्रायन याने पुढे सांगितले आहे.

या दोन चित्रपटांचे आजचे मोल तेव्हाच्या तिकीटविक्रीवरून ठरविणे बरोबर होणार नाही. दोहोंना नंतर निष्ठावंत प्रेक्षक मिळाले. शिवाय त्यांच्या निमित्ताने लंडनमध्ये उभी राहिलेली कार्यशाळा चित्रपटसृष्टीला यांत्रिक प्राणी पुरविणारी एक प्रमुख संस्था बनली. १९८० च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मधील योडा हे पात्र जिवंत करणारा हातही फ्रँक ऑझचाच. लुकासला ते नाव हेन्सनने सुचविले होते. मात्र कथेच्या बांधणीत हेन्सन कच्चा होता, हे म्हटले पाहिजे. आठ सेकंदांत तो चमत्कार करी. दोन तासांत त्याचे लक्ष पात्रांपेक्षा त्यांच्या भोवतालावर अधिक रेंगाळे. अँथनी मिंगेला याने लिहिलेल्या आणि १९८७ पासून प्रक्षेपित झालेल्या 'द स्टोरीटेलर' या लोककथांच्या छोट्या मालिकेत हा दोष दिसत नाही. एक म्हातारा कथाकार, त्याचा बोलका कुत्रा आणि प्रत्येक भागात एक युरोपीय लोककथा, एवढीच तिची मांडणी आहे. हेन्सनच्या गंभीर कामांपैकी सर्वांत निर्दोष कदाचित हेच ठरावे.

अखेरच्या वर्षांत त्याने संगणकाकडेही वळून पाहिले. १९८९ च्या एका मालिकेत त्याने असे पात्र आणले की ज्याचे चित्र संगणकावर होते, पण ज्याची हालचाल बाहुलीकाराच्या हातातील यंत्राने त्याच क्षणी घडत होती. बाहुली आता कापडाचीही उरली नव्हती. हात आणि मॉनिटर मात्र तसेच होते.

१६ मे १९९० रोजी, जंतुसंसर्गामुळे बळावलेल्या न्यूमोनियाने, न्यूयॉर्क येथे हेन्सनचा मृत्यू झाला. वय अवघे त्रेपन्न वर्षे. आपल्या स्मरणसभेस कोणी काळे कपडे घालून येऊ नये, असे त्याने आधीच लिहून ठेवले होते, आणि न्यूयॉर्कच्या सेंट जॉन कॅथीड्रलमधील ती सभा रंगीत वस्त्रांत आणि वाद्यवृंदाच्या सुरांत झाली. मृत्यूपूर्वी डिस्नी कंपनीशी चाललेली विक्रीची बोलणी फिसकटली; मपेट पात्रे त्या कंपनीकडे गेली ती २००४ मध्ये. 'सेसमी स्ट्रीट'ची पात्रे त्यापूर्वीच त्या मालिकेच्या संस्थेला मिळाली होती. त्या संस्थेच्या सहकार्याने २००६ मध्ये भारतात 'गल्ली गल्ली सिम सिम' ही हिंदी मालिका सुरू झाली आणि तिच्यातील चमकी ही शाळकरी मुलगी अनेक घरांत पोहोचली. महाराष्ट्रात त्याआधीच रामदास पाध्ये यांनी पापडाच्या जाहिरातीत हसविलेला ससा याच कुळातील, मऊ तोंडाचा आणि चौकटीवाचून बोलणारा होता.

हेन्सनच्या दुसऱ्या आकांक्षेचे काम करणारी संस्था तुलनेने कमी परिचित आहे. १९८२ मध्ये त्याने एक प्रतिष्ठान स्थापन केले. अमेरिकेतील बाहुलीकारांना नव्या रंगमंचीय प्रयोगांसाठी ते अनुदाने देते. हे प्रयोग बहुधा लहान नाट्यगृहांत, प्रौढांसमोर होतात, आणि त्यांतील पुष्कळांचा दूरचित्रवाणीशी काही संबंध नसतो. जेन हेन्सन हिने २०१० मध्ये 'सॅम अँड फ्रेंड्स'मधील दहा बाहुल्या वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला दिल्या. आईच्या कोटातून झालेला पहिला केर्मिट त्यांत आहे.